‘अ’ जीवनसत्त्व आणि बाळाची छाती

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर बाळाला ‘अ’ जीवनसत्त्वाचं औषध पाजतात, १ मिली म्हणजे १ लाख युनिट. दीड वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी २ मिली. सिल्वासा शहर असो की दुधनी-कौंचाचे पाडे, मात्रा तीच. आयांना वाटतं, आता पोराची छाती भरणार नाही. हा भरवसा कितपत खरा?

श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस धूळ आणि जंतू वर ढकलतात. ‘अ’ कमी पडलं की ते अस्तर कोरडं, राठ होतं. म्हणजे मात्रा दिली की न्यूमोनिया टळायला हवा. चाचण्यांतून मात्र तसं दिसलं नाही. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात ‘अ’च्या मात्रेने एकूण बालमृत्यू ३४ टक्के घटल्याचं १९८६ साली प्रसिद्ध झालं. उत्तर प्रदेशातल्या सुमारे १० लाख मुलांच्या चाचणीत (२०१३) घट जेमतेम ४ टक्के. जिथे मृत्यू घटले तिथे जुलाबाचे घटले. न्यूमोनियाच्या मृत्यूंत ठळक फरक पडल्याचं सिद्ध झालेलं नाही.

अपवाद गोवराचा. गोवर अंगातलं ‘अ’ झपाट्याने संपवतो आणि त्याच्या मागोमाग न्यूमोनिया येतो. म्हणून गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस वयानुसार मात्रा देतात. २०२२ मध्ये गोवंडीत साथ आली तेव्हाही लशीच्या जोडीला हे औषध दिलं गेलं.

‘ड’ची गोष्ट वेगळी. काबूलमध्ये तान्ह्या मुलांना तिमाही १ लाख युनिट देऊनही न्यूमोनिया घटला नाही. मंगोलियात मात्र शाळकरी मुलांना हिवाळ्यात ‘ड’ घातलेलं दूध रोज दिलं, तर सर्दी-खोकला निम्म्यावर आला. त्या मुलांच्या रक्तात ‘ड’ फारच कमी होतं. एकदम मोठा डोस आणि रोजचा थोडा, यांत इतकं अंतर पडत असावं.

माझ्या मते जीव वाचतो तो न्यूमोनिया वेळेवर ओळखल्याने. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याने गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि प्रतिजैविक औषध द्यायला शिकवलं. न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून खाली आले (१९९०). दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर खानवेल किंवा सिल्वासाचं सरकारी रुग्णालय गाठावं. घरी ‘अ’चा जादा डोस पाजू नये: ते यकृतात साचतं, उलट्या होतात, तान्ह्याची टाळू फुगते.