रॅक कोणी लावायचा?

रास अल खोरला सुट्टीच्या दिवशी पूल खेळणार असाल, तर ब्रेकआधी रॅककडे नीट पाहा. १८७५ मध्ये आपल्या जबलपूरच्या छावणीत जन्मलेल्या स्नूकरमध्ये स्पर्धेत चेंडू पंचच लावतो; वाद उरत नाही. नाइन-बॉलची जागतिक स्पर्धा १९९० मध्ये सुरू झाली, पण हा वाद तिथेही पोहोचला. चेंडू घट्ट टेकले, तर कडेचा चेंडू बरेचदा थेट कोपऱ्याच्या पॉकेटात जातो. केसाएवढी फट राहिली, की गणित बिघडतं. स्वतः लावला तरी संशय, समोरच्याने लावला तरी संशय! म्हणून पंच आले, पातळ प्लास्टिकचा साचा आला. साचा नसेल, तर घरच्या कॅरमची रीत पाळा: लावणाऱ्याने लावावं, समोरच्याने तपासावं, मगच फोडावं.