उसनी ऊब: हीटर प्लगची कुळकथा

उणे वीस अंशांच्या पहाटे नॉर्थ डाकोटात डिझेल पिकअप चालू होईना, की मुरलेला मेकॅनिक बॉनेटला हात लावण्याआधी सायलेन्सरकडे बघतो. सेल्फ मारताना पांढरा धूर निघाला तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण पेट घेत नाही. धूरच नसेल तर डिझेल बहुधा वाटेतच अडले आहे. ऊब कमी पडली की इंधन, याचा पहिला अंदाज तिथेच येतो. हा प्रश्न डिझेल इंजिनाला जन्मापासून चिकटलेला आहे.

रुडॉल्फ डिझेलने १८९२ मध्ये ज्या कल्पनेसाठी पेटंट मागितले, तिच्यात ठिणगीला जागाच नव्हती. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल आणि तिच्यात सोडलेले इंधन आपोआप पेटेल. कल्पना देखणी होती, पण गार लोखंड ही उष्णता ओढून घेते. थंडीत ऑइल घट्ट होते, बॅटरीचा जोर ओसरतो, सेल्फ रेंगाळतो. आणि इंजिन हळू फिरले की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते. म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त हवी असते, तेव्हाच ती सगळ्यात कमी तयार होते. म्हणून बाहेरून ऊब उसनी घ्यावी लागते.

ही उसनवारी डिझेलच्याही आधीची. इंग्लंडमध्ये हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्टच्या तेल इंजिनाला तापवलेला लोखंडी गोळा असे आणि चालू करण्याआधी तो ब्लोलॅम्पच्या ज्योतीने तापवावा लागे. जर्मनीत १९२१ मध्ये आलेला लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरही शेतकरी असाच पुढून ज्योत लावून जागा करत.

खरी कलाटणी मिळाली ती मानहाइमच्या बेंझ कारखान्यात. प्रॉस्पर लोरांजने १९०९ मध्ये प्री-चेंबरचे पेटंट घेतले. सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी कोठडी; डिझेल आधी तिथे पेटते आणि मग जोराने खाली उसळते. यामुळे इंधन फवारण्यासाठी लागणारा अवजड कॉम्प्रेसर टळला आणि डिझेल इंजिन वाहनात बसण्याजोगे झाले. मात्र कोठडीच्या भिंतींनी उष्णता गिळणारे लोखंड वाढवले. त्या कोठडीत विजेने लाल होणारी तार खुपसणे हाच उपाय होता आणि तोच आपला हीटर प्लग. १९३६ च्या मर्सिडीज २६० डी या मोटारीतही तो होता.

जुन्या मर्सिडीज इंजिनांत हे प्लग एका माळेत जोडलेले असत. डॅशबोर्डवर जाळीमागे त्याच माळेतली एक छोटी कॉइल असे. ती लाल झाली की सेल्फ मारायचा. जर्मन चालक या थांबण्याला रुडॉल्फ डिझेलच्या स्मरणाचे मिनिट म्हणत. माळेतला एक प्लग जळाला की सगळे मरत आणि कॉइल काळीच राही. मग मेकॅनिक हीटर चालू ठेवून एकेका प्लगची दोन टोके स्क्रू ड्रायव्हरने जोडत जाई. ज्या प्लगवर कॉइल उजळली, तो जळालेला. मला ही तपासणी फार आवडते, कारण दोष स्वतःच आपली जागा सांगतो. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक बनू लागले, तेव्हा प्री-चेंबरची इंजिने आपल्या रस्त्यांवरही आली.

पुढे प्लग स्वतंत्र जोडले गेले. एक मेला तरी बाकीचे तापतात. सोय झाली, पण दोष लपू लागला. अनेक पिकअपमधला, सेल्फ मारण्याआधी थांबायला सांगणारा दिवा फक्त ठरलेला वेळ मोजतो. प्लग जिवंत आहेत का, हे त्याला ठाऊक नसते. दोन प्लग उन्हाळ्यातच गेलेले असतात आणि कडाका पडला की एकदम पितळ उघडे पडते. म्हणून दिव्यावर विसंबू नये. वायर काढून प्रत्येक प्लग मीटरने तपासावा: चांगल्या प्लगचा रोध एखाद-दोन ओहम भरतो, जळालेल्यातून करंटच जात नाही. सगळे चांगले निघाले तर त्यांना करंट देणाऱ्या रिलेकडे वळावे.

१९८९ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन बसले, त्यात हीटर प्लगच नव्हते. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, कोठडी नाही. आत येणारी हवाच इनटेकमधल्या विजेच्या जाळीवर तापवली जाई. अशा गाडीत प्लग शोधण्यात वेळ घालवू नये. जाळीला करंट पोहोचतो का ते बघावे. नॉर्थ डाकोटाच्या अँड्र्यू फ्रीमनने तर इंजिनच रात्रभर कोमट ठेवायचे ठरवले. सिलिंडर हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी पोकळ, हीटर असलेला बोल्ट बसवायचा. १९४९ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि रात्री गाडीची वायर भिंतीतल्या सॉकेटला लावायची सवय तिकडच्या घराघरांत रुजली.

धूरच नसेल तर मात्र ही सगळी ऊब वाया जाते. डिझेलमध्ये मुळातच मेण असते. गारठ्यात त्याचे कण होतात आणि फिल्टर तुंबतो. तिथे गाडी गरम जागेत ढकलून फिल्टर बदलण्यावाचून गत्यंतर नसते, आणि पुढच्या वेळी टाकीत हिवाळी डिझेलच हवे. आपल्याकडे लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये पानिपतच्या रिफायनरीतून असे डिझेल काढले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते.