अ‍ॅव्हेलांच गल्च
अ‍ॅव्हेलांच गल्च (अर्थ: हिमलोटाची घळ) हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील शास्ता या ४,३२२ मीटर उंचीच्या ज्वालामुखी पर्वतावरील सर्वाधिक वापरला जाणारा चढाईमार्ग आहे. तो सोपा गणला जातो. हा लौकिक फसवा आहे. वसंतात सुटे दगडगोटे बर्फाखाली दबलेले असतात, म्हणून गिर्यारोहकांचे गट याच काळात येतात. रात्री बर्फ गोठून घट्ट होते. त्यामुळे पहाटेपूर्वीच निघतात. ऊन चढताच वरच्या रेड बँक्स कड्यांवरून दगड सुटू लागतात.

३० एप्रिल १८७५ रोजी निसर्गलेखक जॉन म्यूर आणि त्यांचे सोबती जेरोम फे वायुभारमापकाच्या नोंदी घेताना शिखरावर हिमवादळात सापडले. शिखराजवळच्या उष्ण वायुमुखांच्या चिखलात पडून त्यांनी रात्र काढली. पाठ भाजत होती आणि अंगावरचे कपडे गोठत होते. दोघेही वाचले.