पाळकाचे वय

एखाद्या ख्रिस्ती मंडळीस नवा पाळक निवडावयाचा झाला म्हणजे उमेदवाराच्या विद्वत्तेची, वाणीची आणि शीलाची चौकशी होते. आणि तो पंचविशीच्या आतला निघाला, तर एक शंका वडीलधाऱ्यांच्या ओठांवर आल्यावाचून राहत नाही. ज्याला अद्याप संसाराचा वारा लागला नाही, त्याने मरणोन्मुख माणसाच्या उशाशी बसून कोणते सांत्वन करावे? पतिपत्नींच्या कलहात त्याने कोणत्या अधिकाराने पडावे? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पाळकाचे काम रविवारच्या प्रवचनाने संपत नसते. शेकडो घरांचे सुखदुःख त्याच्या गाठी बांधलेले असते.

शंका जुनीही आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तुझ्या तारुण्यामुळे तुला कोणी कमी लेखू नये, अशा आशयाचा उपदेश आहे. पण त्याच पत्रात, नुकताच धर्मात आलेला मनुष्य अध्यक्षपदी बसवू नये, असाही इशारा आहे. वयाने लहान असणे आणि श्रद्धेत नवखा असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हे त्या पत्रकर्त्याने ओळखले होते. पुढच्या काळाने मात्र सोपा मार्ग धरला. चौथ्या शतकाच्या आरंभी निओसीझेरिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने तीस वर्षांच्या आतील कोणासही प्रेस्बिटर म्हणजे धर्मगुरू नेमू नये असे ठरविले. कारण काय, तर येशूने तिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन कार्यास प्रारंभ केला! इंग्लंडच्या चर्चने ही मर्यादा चोविसावर आणली. बाप्टिस्ट पंथात मात्र नेमणूक करणारा बिशपच नाही. तेथे प्रत्येक मंडळी आपला पाळक आपल्या मतांनी निवडते, आणि म्हणून वयाचा निर्णयही तिचा तिलाच करावा लागतो.

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणतीरी, साउथवार्क भागात, अशी एक मंडळी होती. हिने हा प्रयोग एकदा नव्हे, अनेकदा केला. १७१९ साली तिने जॉन गिल या तरुणास निवडले, आणि १७२० च्या मार्चमध्ये त्याची दीक्षा झाली, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच्या निवडीवरून मंडळीत उभी फूट पडली. तरीही गिल यांनी पुढे एक्कावन्न वर्षे ते पद सांभाळले आणि संपूर्ण पवित्र शास्त्रावर भाष्य लिहिले. ते १७७१ मध्ये निवर्तल्यावर मंडळीने ब्रिस्टलच्या विद्यालयातून जॉन रिपन यांना बोलाविले. १७७३ साली ते पाळक झाले. वय पुन्हा बावीसच! या खेपेसही काही सभासद निघून गेले. रिपन मात्र १८३६ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी देह ठेवीपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, त्याच पदावर राहिले. त्यांच्यामागून आलेले जोसेफ अँगस हेही विशीच्या उंबरठ्यावरचेच विद्वान. पण ते सुमारे दोन वर्षांतच मिशनरी सोसायटीच्या कामासाठी निघून गेले. मंडळी एक, निवडीच्या वेळचे वय जवळजवळ एक, आणि फळे किती भिन्न! रिपन यांच्या कारकिर्दीकडे पाहता आणखीही एक विचार मनात येतो. तरुण पाळकाविषयी लोक इतके साशंक असतात. पण पाळक थकला तरी त्याला उठवावे कसे, याची चिंता कोणी आधीपासून करीत नाही.

पुढे या मंडळीस उतरती कळा लागली. लंडन ब्रिजच्या नव्या रस्त्यासाठी तिचे जुने मंदिर गेले होते, आणि न्यू पार्क स्ट्रीटमधले नवे मंदिर कारखान्यांच्या धुरात, सखल जागी बांधलेले होते. बाराशे माणसे बसतील एवढ्या त्या मंदिरातील बहुतेक बाके १८५३ साली रिकामी असत. अशा वेळी डीकन टॉमस ओल्नी यांच्या कानी केंब्रिजजवळच्या वॉटरबीच खेड्यातील एका पोरसवदा उपदेशकाचे नाव आले. तोच चार्ल्स हॅडन स्पर्जन.

केंब्रिजच्या ज्या सभेमुळे हे नाव लंडनला पोहोचले, त्या सभेचा प्रसंग स्पर्जन यांनीच पुढे सांगून ठेवला आहे. त्यांच्यासमक्ष एका वृद्ध पाळकाने टोमणा मारला की, दाढी उगवेपर्यंत यरीहोत थांबण्याची शास्त्रातील रीत हल्लीच्या मुलांनी पाळली तर बरे होईल. स्पर्जन यांनी उठून स्मरण दिले की, दावीद राजाने ज्यांना यरीहोत थांबविले ती मुले नव्हती. ते प्रौढ दूत होते आणि शत्रूने विटंबना करण्यासाठी त्यांच्या दाढ्या कापल्या होत्या. तेव्हा यरीहोत थांबावे ते आपल्या पदाला काळिमा लावणाऱ्या प्रौढ पाळकाने! उत्तर बिनतोड खरे. पण त्यात एकोणीस वर्षांच्या जिभेचा तिखटपणाही आहे, हे नाकारता येत नाही.

लंडनचे पत्र आले, तेव्हा ते चुकून आपल्याकडे आले असावे असेच त्यांना वाटले, आणि आपण केवळ एकोणीस वर्षांचे आहोत हे त्यांनी उत्तरात आधीच कळवून टाकले. १८ डिसेंबर १८५३ रोजी त्यांचे तेथे पहिले प्रवचन झाले. मंडळीने सहा महिन्यांच्या परीक्षेसाठी बोलाविले, तर तीनच महिने ठेवावे, असे त्यांनी स्वतः सुचविले. एप्रिल १८५४ मध्ये नेमणूक कायम झाली. ते वयाने लहान होते, पण नवखे नव्हते. आजोबा स्टॅम्बोर्न गावचे पाळक; त्यांच्या घरातील प्युरिटन ग्रंथांच्या थप्प्यांत या मुलाचे बाळपण गेले होते, आणि वॉटरबीचची मंडळी त्याने सतराव्या वर्षापासून सांभाळली होती.

ग्रंथांत नसलेले शिक्षण लंडनने दिले, आणि तेही फार लवकर. १८५४ सालीच शहरात पटकीची साथ आली. दिवसामागून दिवस रोग्यांच्या घरी आणि स्मशानभूमीत जाऊन हा वीस वर्षांचा पाळक गळून गेला. याहून कठोर प्रसंग १९ ऑक्टोबर १८५६ च्या रात्री आला. मंदिर अपुरे पडू लागल्यामुळे सरे गार्डन्समधील संगीतगृह भाड्याने घेतले होते. आत सुमारे दहा हजार माणसे होती. प्रार्थना चालू असता कोणी तरी ‘आग, आग’ असे ओरडले. आग नव्हतीच, पण चेंगराचेंगरीत सात जण प्राणास मुकले आणि कित्येक जखमी झाले. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचे. लग्नाला वर्ष झाले नव्हते, घरी महिन्याभराची जुळी बाळे होती. ते खचून गेले. वृत्तपत्रांनी झोड उठविली.

तारुण्याचा प्रश्न खरोखर येथे उभा राहतो. अनुभवी मनुष्याने एवढा जमाव एका छताखाली गोळा केला असता काय? कदाचित नाही. पण घाव बसल्यावर मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी काय केले, हेही पाहिले पाहिजे. त्यांनी त्यांना शहराबाहेर क्रॉयडन येथे एका स्नेह्याच्या घरी नेऊन ठेवले, त्या आठवड्याचे काम स्वतःकडे घेतले आणि त्यांच्या परतण्याची वाट पाहिली. २ नोव्हेंबरला ते पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले. ती रात्र मात्र त्यांना जन्मभर सोडून गेली नाही. उदासीनतेचे झटके त्यांना अखेरपर्यंत येत राहिले, आणि खिन्न माणसांशी ते ज्या जवळिकीने बोलत ती याच दुःखातून आली असावी. ओल्नींसारखे वडील मागे नसते, तर बावीस वर्षांचा तो पाळक त्या आठवड्यातच संपला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

१८६१ साली मेट्रोपॉलिटन टॅबर्नॅकल हे पाच हजारांवर माणसे मावणारे मंदिर कर्जाविना उघडले, तेव्हाही त्यांना सत्तावीस पुरी झाली नव्हती. तत्पूर्वीच त्यांनी पाळकांचे विद्यालय काढले होते. तेथे प्रवेश देताना त्यांनी वयाचा नियम केला नाही. उमेदवाराने आधी सुमारे दोन वर्षे उपदेशाचे काम केलेले असावे, अशी अट घातली. विद्यालयाचे प्रमुख म्हणून मात्र त्यांनी जॉर्ज रॉजर्स हे आपल्याहून कितीतरी वडील गृहस्थ निवडले, आणि तेही दुसऱ्या पंथाचे!

३१ जानेवारी १८९२ रोजी स्पर्जन वारले आणि मंडळीपुढे निवडीचा प्रश्न पुन्हा आला. त्यांच्या आजारपणापासून व्यासपीठ सांभाळणारे अमेरिकन उपदेशक ए. टी. पिअर्सन पन्नाशी ओलांडलेले, वाणीचे समर्थ होते. पण त्यांचा बाप्तिस्मा बाप्टिस्ट रीतीचा नव्हता, ही अडचण फिटेना. अखेर दिवंगत पाळकाचे पुत्र टॉमस यांना ते पद मिळाले. संगीतगृहातील त्या रात्री महिन्याभराचे असलेल्या जुळ्यांपैकी हे एक. आता त्यांचे वय सदतीस होते. त्या मंडळीच्या रिवाजाने पाहता थोराडच म्हणावयाचे!