शिरेच्या टाक्याची कुळकथा

बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेच्या काठाने धान पिकवणाऱ्याला यकृताची रचना समजावून सांगणं फारसं अवघड नाही. बांधीत पाणी एका तोंडाने शिरतं, दुसऱ्या तोंडाने पुढच्या बांधीत उतरतं. येणारं तोंड बुजलं तर बांधी सुकते, जाणारं बुजलं तर धान पाण्याखाली सडतं. यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. त्यातला तीन चतुर्थांश भाग आतड्यांकडून पोर्टल शिरेने येतो, उरलेला यकृत धमनीने. हे सगळं रक्त तीन मोठ्या यकृत शिरांवाटे मागच्या महाशिरेत पडतं आणि हृदयाकडे जातं. कर्करोगाची गाठ या तोंडांपाशी वाढली की ‘शिरेला चिकटली आहे, काढता येणार नाही’ हेच उत्तर कित्येक दशकं मिळत असे. आता निवडक रुग्णांमध्ये गाठीबरोबर शिरेचा तुकडाही कापून काढतात आणि शीर पुन्हा जोडतात. या जोडणीचं कूळ शोधत मागे गेलं की आपण पोचतो ते यकृताच्याच एका जखमेपाशी.

२४ जून १८९४. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लियोन शहरात एका प्रदर्शनासाठी आले होते. कासेरियो नावाच्या इटालियन अराजकवाद्याने बग्गीपाशी येऊन त्यांच्या पोटात सुरा खुपसला. सुरा यकृतातून जाऊन पोर्टल शिरेला लागला. शहरातले नामवंत शल्यविशारद जमले, पोट उघडलं, पण मध्यरात्र उलटताच कार्नो गेले. तेव्हा फाटलेली मोठी रक्तवाहिनी बांधून टाकण्याची रीत होती. पोर्टल शीर अशी बांधून टाकली तर आतड्यांचं रक्त अडतं आणि माणूस तसाही वाचत नाही. त्या वेळी अलेक्सी कारेल हा वीस वर्षांचा तरुण लियोनमध्येच वैद्यक शिकत होता. शीर शिवता आली असती तर कार्नो वाचले असते, हे त्याच्या मनाने घेतलं असं सांगतात.

पुढे त्याने जे केलं ते मला या साऱ्या कथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. लियोन हे रेशमाचं आणि भरतकामाचं शहर. कारेल मादाम लेरुदिए या नावाजलेल्या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला आणि अगदी बारीक सुईने, नाजूक धाग्याने टाके घालायला शिकला. वैद्यकाची पदवी मिळवणारा माणूस हात घडवण्यासाठी कारागिराच्या पायाशी बसला. १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. कापलेल्या वाहिनीच्या दोन्ही तोंडांना सारख्या अंतरावर तीन टाके घालायचे आणि ते ताणून धरायचे. गोल तोंड त्रिकोणी होतं, भिंती एकमेकींपासून सुटतात, आणि सुई चुकून पलीकडच्या भिंतीत शिरत नाही. रेशमी धाग्याला व्हॅसलिन चोळलेलं असे, म्हणजे तो आतल्या नाजूक अस्तराला खरवडत नसे आणि तिथे रक्त गोठायचं कारण उरत नसे. पुढे शिकागोत चार्ल्स गथ्री यांच्याबरोबर त्याने हे काम वाढवलं. १९१२ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. त्याच कारेलने १९३५ च्या पुस्तकात माणसांची पैदास निवडून करण्याचे जे विचार मांडले ते घृणास्पद होते, हेही सांगितलं पाहिजे.

कारेलच्या आधीही जोड देणारे होतेच. निकोलाय एक या रशियन शल्यविशारदाने १८७७ मध्ये कुत्र्यांवर पोर्टल शीर थेट महाशिरेला जोडून पाहिली होती. बहुतेक कुत्री लवकरच मेली. पण रक्तवाहिन्या जोडण्याचा हा एक अगदी आरंभीचा प्रयोग, आणि तोही यकृताच्याच शिरांवर.

टाका तयार झाला, तरी यकृत कापायची हिंमत यायला वेळ लागला. ग्लासगोच्या जेम्स प्रिंगल यांनी १९०८ मध्ये दाखवलं की यकृताच्या दाराशी शीर आणि धमनी एकत्र चिमटीत धरली तर आत येणारं रक्त तात्पुरतं थांबवता येतं. आजही शल्यविशारद ती चिमटी साधारण पंधरा मिनिटं लावतात, पाच मिनिटं सोडतात, पुन्हा लावतात. क्लोद कुइनो यांनी १९५० च्या दशकात पॅरिसमध्ये यकृताचे आठ भाग आखून दिले, प्रत्येकाचं येणारं आणि जाणारं तोंड वेगळं. त्यानंतर कुठे कापायचं याचा नकाशा हाती आला.

टाक्याला खरी धार आली ती यकृत प्रत्यारोपणाने. अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये पहिला प्रयत्न केला, दीर्घकाळ जगलेला पहिला रुग्ण १९६७ चा. शिरा जोडताना त्यांना एक अडचण दिसली. बारीक, निसरडा धागा गोलाकार शिवून घट्ट गाठ मारली की पिशवीची दोरी ओढल्यासारखं तोंड आवळलं जातं. म्हणून १९८४ मध्ये त्यांनी सुचवलं की गाठ शिरेच्या भिंतीपासून दूर मारावी, धाग्यात सैलपणा ठेवावा. चिमटे सुटले, रक्त आलं, शीर फुगली की तो सैल धागा आत सरकतो आणि तोंड पूर्ण रुंद होतं.

१९८८ मध्ये जर्मनीतल्या हॅनोवरमध्ये रुडॉल्फ पिखलमायर यांनी या कौशल्याच्या जोरावर आणखी धाडस केलं. यकृत शरीराबाहेर काढून, थंड करून, टेबलावर गाठ कापली, आणि उरलेलं यकृत त्याच माणसाच्या पोटात परत जोडलं. पद्धत सिद्ध झाली, पण धोका इतका मोठा की ती आजही फार थोड्या रुग्णांसाठी राखून ठेवतात. नेहमीचं काम यकृत जागेवर ठेवूनच होतं. शिरेचा छोटा भाग गेला तर ती थेट शिवतात, मोठा गेला तर रुग्णाच्याच दुसऱ्या शिरेचं, पोटाच्या अस्तराचं किंवा गुरांच्या हृदयावरणाचं ठिगळ लावतात, आणि महाशिरेचा पुरा तुकडा गेला तर कृत्रिम नळी बसवतात.

भारतात हे हात घडले ते जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणातून. १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात एका लहान मुलाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला, आणि देशातलं हे पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण ठरलं. आपल्याकडे बहुतेक यकृतं जिवंत नातेवाइकांकडूनच येतात, म्हणून अर्ध्या यकृताच्या बारीक शिरा जोडण्याचा सराव इथल्या शल्यविशारदांना भरपूर आहे.

आता निकालाचं बोलू. जपानमध्ये नागोया इथे मासातो नागिनो यांच्या चमूने पित्तमार्गाच्या कर्करोगात यकृताबरोबर पोर्टल शीर आणि धमनी दोन्ही कापून जोडलेल्या ५० रुग्णांचा हिशेब २०१० मध्ये मांडला. शस्त्रक्रियेच्या काळात एक जण दगावला, आणि पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के निघालं. अमेरिकेत अ‍ॅलन हेमिंग यांनी २०१३ मध्ये महाशिरेसकट यकृत कापलेल्या ६० रुग्णांचं सांगितलं. त्यात पाच जण शस्त्रक्रियेच्या काळात गेले आणि पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ३५ टक्के होतं. ज्यांना एरवी घरी पाठवलं असतं, त्यांच्यातल्या तिघांपैकी साधारण एकाला पाच वर्षं मिळाली. हे थोडं नाही. पण हे आकडे अतिशय सरावलेल्या केंद्रांचे आणि निवडून घेतलेल्या रुग्णांचे आहेत. पित्ताशयाच्या कर्करोगात शिरेपर्यंत पसरलेल्या गाठीसाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया करून क्वचितच फायदा होतो.

शिवाय रुग्ण जातो तो बहुधा टाका तुटून नाही. उरलेलं यकृत अपुरं पडतं, पित्त गळतं, जंतुसंसर्ग होतो, किंवा जोडलेल्या शिरेत गुठळी होते. म्हणून शस्त्रक्रियेआधी किती यकृत उरेल याचं मोजमाप होतं. निरोगी यकृतात किमान २० ते २५ टक्के, केमोथेरपीनंतर ३० टक्के आणि सिरोसिस असेल तर ४० टक्के तरी उरावं लागतं. कमी भरत असेल तर गाठीच्या बाजूची पोर्टल शीर आधी बंद करतात आणि दुसरी बाजू वाढण्यासाठी काही आठवडे थांबतात. मिलानचे ग्विदो तोर्झिली तर सोनोग्राफीच्या मदतीने काही गाठी शिरेवरून अलगद सोडवतात, शीर कापतच नाहीत. जी शीर कापावीच लागली नाही ती सर्वांत चांगली जोडलेली, असं माझं मत आहे.

बालाघाटकरांची मोठ्या आजाराची वाट आजही गोंदियावरून नागपूरकडे जाते. १९५६ पर्यंत तर हा जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानीच नागपूर होती. कोणाच्या अहवालात ‘शिरेला लागून’ असं लिहिलेलं असेल तर केवळ छापील कागद घेऊन जाऊ नका. सीटी स्कॅनची सीडी घ्या आणि ती यकृताची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या केंद्रात दाखवा. तिथे सरळ विचारा: अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला करता, माझं यकृत किती उरेल, शिरेला काय लावणार, आणि नको म्हटलं तर दुसरा उपचार कोणता? आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरही चालतं, पण फक्त योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तेव्हा निघण्याआधी रुग्णालयाचं नाव यादीत आहे का आणि योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, एवढं फोन करून विचारून घ्या.