रक्तवाहिनी कलमे, जैव
इजा, विस्फार किंवा अडथळा यांमुळे निकामी झालेल्या रक्तवाहिनीच्या जागी बसविण्यासाठी मानवी वा प्राणिज ऊतकापासून तयार केलेल्या नलिका. अशा कलमाने रक्तदाब सोसला पाहिजे, ते टाक्याशी फाटता कामा नये, त्यात रक्त गोठू नये आणि शरीराने ते परके मानून नष्ट करू नये. पहिल्या दोन गुणांची परीक्षा प्रयोगशाळेत लवकर होते. उरलेल्या दोहोंना वर्षे लागतात.

वाहिन्या जोडण्याचे तंत्र आलेक्सी कारेल यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केले. माद्रिद येथील होसे गोयानेस यांनी १९०६ मध्ये गुडघ्यामागील रोहिणीच्या जागी रुग्णाचीच नीला वापरली. स्वतःची नीला हे आजही उत्तम कलम होय. मात्र प्रत्येक रुग्णाजवळ ती वापरण्याजोगी नसते. म्हणून मृतांच्या रोहिण्या जतन करण्यात आल्या. शार्ल द्यूबॉस्त यांनी १९५१ मध्ये पॅरिस येथे उदरातील महारोहिणीचा विस्फारलेला भाग काढून असे कलम बसविले. आरंभीचे यश दिपवून टाकणारे होते, पण पुढील काही वर्षांत अशी अनेक कलमे कॅल्शियम साचून कठीण झाली किंवा फुगली.

१९५२ नंतर आलेल्या कापडी नळ्या मोठ्या वाहिन्यांत टिकल्या, सु. ६ मिमी.पेक्षा अरुंद नळ्यांत रक्त गोठू लागले. त्यामुळे १९६६ च्या सुमारास नॉर्मन रोझेनबर्ग यांनी एंझाइमाने प्रक्रिया केलेली गुरांच्या मानेतील रोहिणी मानवात वापरली. चाचण्यांसाठी कुत्रा सोयीचा. परंतु त्याच्यात कलमाच्या आतून पेशींचे अस्तर सहज धरते, मनुष्यात ते जोडाच्या पुढे फारसे सरकत नाही. या फरकाकडे पुष्कळ काळ पुरेसे लक्ष गेले नाही.

रोझेनबर्ग यांच्या कलमाचा उपयोग पुढे डायलिसिससाठी झाला. वऱ्हाडात हा प्रश्न दूरचा नाही. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे आणि तेथील गावांतून मूत्रपिंडविकारांच्या तक्रारी सातत्याने पुढे आल्या आहेत. डायलिसिसवरील रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा सुई टोचावी लागते. हातातील रोहिणी व नीला जोडून केलेली वाट (१९६६) बंद पडली आणि दुसरी नीला उरली नाही, तर कलमाविना उपाय कठीण होतो.

पेशी धुऊन काढलेली, केवळ कोलॅजेनादी सांगाडा उरलेली मानवी वाहिनी प्रयोगशाळेत वाढविण्यात आली असून डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत हातापायांच्या रोहिण्यांना झालेल्या इजांसाठी तिला मान्यता मिळाली. त्या मान्यतेत डायलिसिसचा समावेश नव्हता.