खडकीचा झोत आणि शब्दांचा दर

#थ्रेड

खडकी म्हटले की इतिहासप्रेमींना ५ नोव्हेंबर १८१७ आठवतो: बापू गोखले, पेशव्यांची फौज, इंग्रजांशी झालेली लढाई. त्यानंतर ११० वर्षांनी याच खडकीत घडलेली एक गोष्ट मात्र आपल्या हातातील मोबाइलला अधिक जवळची आहे.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातील बिनतारी तारसेवेचे उद्घाटन केले. संदेश पाठविणारे केंद्र खडकीला, स्वीकारणारे दौंडला. दोन्ही शेजारी असती, तर प्रक्षेपकाच्या गदारोळात सातासमुद्रापलीकडून आलेला क्षीण संकेत बुडून गेला असता. मार्कोनी कंपनीची ही ‘बीम’ पद्धत लघुलहरी चहूकडे न उधळता झोतासारख्या एकाच दिशेला सोडीत असे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्केगनेसला हा झोत टिपला जाई.

यंत्र नवे, हिशेब मात्र जुना. दर शब्दागणिक!

पैसे वाचविण्यासाठी पेढ्यांनी सांकेतिक कोश वापरले. बेंटलीच्या कोशात पाच अक्षरांच्या एकेका निरर्थक शब्दामागे अख्खे वाक्य दडलेले असे, आणि असे दोन शब्द जोडून एकाचेच पैसे भरता येत. (आपले मेसेजमधील ‘जे१ झालं का?’ त्या मानाने फारच उधळे.)

सामान्य मराठी माणसाला मात्र हा झोत परकाच राहिला. तार रोमन लिपीत. देवनागरीत तार करण्याची सोय स्वातंत्र्यानंतर झाली, तीही देशांतर्गत. ‘आज पाऊस पडला, तुझी आठवण आली’ असे तारेने कोण कळविणार? तार मृत्यूची, नोकरीची, फार तर बारशाची. म्हणून तारवाला दारात दिसला की घरात धस्स होई.

पुढचा धागा मोठा रंजक आहे. ही परदेशी तारसेवा १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. १९८६ मध्ये तिचे विदेश संचार निगम झाले. आणि याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतीयांना इंटरनेट खुले केले. खडकीच्या झोताचा वारस तो हाच.

लिपीचा प्रश्नही खडकीच्या शेजारीच हाताळला जात होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारात सी-डॅकने पुढे नेले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरच बेतलेली आहे. शब्दाला दर उरला नाही, लिपीची अडचण सरली, आणि मराठी माणूस ब्लॉगवर मनसोक्त लिहू लागला. त्याला ‘अनुदिनी’ असे सुरेख नाव मिळाले. रुळले मात्र ‘ब्लॉग’च.

२००८ मध्ये मीही लिहू लागलो: खडकी बाजार, लोकलची गर्दी, दारूगोळा कारखान्याचा भोंगा. वाचक जेमतेम वीस, तरी रात्री जागून उत्तरे देत असे. काही वर्षांनी ती सेवा बंद पडली. सूचनेचा ईमेल मी उघडलाच नव्हता. सुमारे दोनशे नोंदी गेल्या.

आजोबांच्या ट्रंकेत मात्र एक तार अजून आहे. कागद पिवळा पडला आहे, घडीवर फाटला आहे. रोमन लिपीत तीनच शब्द: ‘मुलगा झाला. सुखरूप.’